पाठीवरचे ओझे

वाचकहो, मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड नावाचे एक स्थानक आहे. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड अशी ती ओळ. मुंबई पाहायला आलेला पाहुणा इथे सहसा उतरत नाही. एका अंगाला बंदराची गोदामे, दुसऱ्या अंगाला माझगाव-भायखळ्याच्या चाळी आणि जवळच दारूखान्याचा लोखंडाचा बाजार. पाहण्यासारखे तिथे काय आहे, असे कोणीही विचारील. पण ज्याला माणसाच्या पाठीचा इतिहास समजून घ्यायचा आहे, त्याने मात्र इथेच उतरावे.

रे हे नाव लॉर्ड रे यांचे. १८८५ ते १८९० या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून रे रोडपर्यंत लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा गाडी इथेच थांबत असे. पुढे ती वाट बोरीबंदरापर्यंत गेली, आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी आपल्या देशातली विजेवर चालणारी पहिली गाडी याच मार्गाने धावली. अगदी अलीकडे, २०२५ साली, रे रोडला रुळांवरून जाणारा एक नवा पूल झाला. उंच खांबाला जाड तारा बांधून तो तोलून धरलेला आहे. या पुलाकडे आपण पुन्हा येणार आहोत, तेवढा तो ध्यानात ठेवा.

आता रेल्वे आली, वीज आली, जहाजे वाफेची झाली आणि मग तेलाची झाली. पण जहाजातून गोदामात आणि गोदामातून गाडीत माल चढवायचा तो कोणी? तो चढवला माणसाने. प्रिन्सेस डॉक १८८० साली झाली, अलेक्झांड्रा डॉक १९१४ साली. कापसाची एक गाठ ३९२ पौंडांची असे, म्हणजे सुमारे १७८ किलोंची. धान्याचे आणि साखरेचे भरलेले पोते शंभर किलोंचे. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर गोणपाट आणि पाठ धनुष्यासारखी वाकलेली, असा तो हमाल. सातारा, सांगली, पुणे, कोकण इथल्या गावांतून ही माणसे आली. तुम्ही हे वाचत असाल त्या गावातही, आजोबा मुंबईला हमालीवर होते असे सांगणारे एखादे घर नक्की असेल.

या हमालाजवळ मदतीला काय होते? आपल्या आजी पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना कापडाची चुंबळ करीत, तसलीच चुंबळ. नाहीतर खांद्यावरची कावड. वाचकहो, चुंबळ ही फार हुशार वस्तू आहे बरे का! ती हंड्याचे वजन तोळाभरही कमी करीत नाही. पण वजन एका टोकावर न रुतता सगळ्या माथ्यावर पसरते, आणि मान सरळ राहते. अंगावर घालायची आणि ओझे सुसह्य करायची, अशी माणसाने केलेली ही अगदी जुनी युक्ती. आज जगभर जी यंत्रे होत आहेत, ती एका अर्थाने या चुंबळीचीच नातवंडे आहेत.

पण चुंबळीने पाठ वाचत नाही. पाठ वाचवायला दुसरी एक गोष्ट लागली, ती म्हणजे कायदा. गोदीतल्या कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला. बाजारातला आणि गोदामातला हमाल मात्र कोणाचाच नोकर नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. मजुरी मुकादमाच्या हातून. आजारी पडला तर रजा नाही, म्हातारा झाला तर फंड नाही. या लोकांना अण्णासाहेब पाटील यांनी एकत्र केले, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे, त्याची टोळी मंडळाच्या वहीत, मजुरीचे पैसे व्यापाऱ्याने मंडळाकडे भरायचे आणि त्यावर जादा आकारही भरायचा. त्या आकारातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. हमाल हा माणूस आहे आणि त्याची पाठ झिजते, हे कागदावर आले.

त्याच सुमारास जगातही हा विचार चालला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली ठराव केला की प्रकृतीला धोका होईल असले ओझे कोणाही कामगाराला उचलायला लावू नये. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. उपाय साधा होता. पोते मोठे आहे ना? मग लहान करा. शंभराचे पन्नास करा. सिमेंटची पिशवी आज पन्नास किलोंचीच येते. पुढे १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले, माल पोलादी पेट्यांतून येऊ लागला आणि पेट्या उचलायला याऱ्या आल्या. रे रोडच्या गोदामांतली वर्दळ हळूहळू ओसरली.

इथपर्यंत ही गोष्ट समाधानाची आहे. पण आता मी तुम्हांला एक प्रश्न विचारतो. जे ओझे अर्धे करता येत नाही, त्याचे काय करायचे?

असले ओझे कोणते, असे तुम्ही म्हणाल. ते ओझे म्हणजे माणूस. आजारी माणूस.

रे रोडहून भायखळ्याकडे चालत निघालात तर जे. जे. रुग्णालय फार दूर नाही. ते १८४५ सालचे. परळला १९२६ सालचे के. ई. एम. आहे. शिवडीला क्षयरोग्यांचे रुग्णालय आहे. कोणत्याही मोठ्या रुग्णालयाचा रात्रीचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. अर्धांगाने पडलेला रुग्ण आहे. एकाच कुशीवर राहिला तर पाठीला जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. चादर बदलायची. खाटेवरून ढकलखुर्चीत बसवायचे, पुन्हा खाटेवर घ्यायचे. हे सगळे करते कोण? परिचारिका, वॉर्डबॉय आणि जिला सगळे मावशी म्हणतात ती आया. नाहीतर रुग्णाची बायको किंवा मुलगा. सत्तर किलोंचा माणूस पस्तीस किलोंचा करता येत नाही. शिवाय तो पोत्यासारखा गप्प राहत नाही. तो घाबरतो, निसटतो, गळ्याला मिठी मारतो, त्याला लाज वाटते. पोते पडले तर पोते फुटेल. हा पडला तर?

आपल्याकडे या ओझ्याची आठवण फार जुनी आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. बंदराच्या आसपासच्या वस्त्या ओस पडल्या, लोक गावोगाव पळाले. त्या साथीत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे रुग्णांसाठी धावले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने गेले. महिन्याभराने पुण्यात काय घडले ते शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मुंढव्याच्या वस्तीतला एक लहान मुलगा प्लेगने आजारी पडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेतले आणि मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. आपण त्यांच्या धैर्याला नमस्कार करतो, तो योग्यच आहे. पण त्या दिवशी सेवा ही शब्दशः पाठीवर वाहिली गेली, हेही ध्यानात घ्यावे.

आणि हे काही शंभर वर्षांपूर्वीच संपलेले नाही. सह्याद्रीच्या कुशीत आजही अशा वाड्या आहेत की बाळंतीण अडली तर बांबूला चादरीची झोळी बांधून चार माणसे तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणतात.

आता थोडे शास्त्र पाहू. शिक्षक बंधु-भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. एका पिशवीत दोन विटा घाला. मुलाला ती छातीशी धरायला सांगा. मग तीच पिशवी हात लांब करून धरायला सांगा. वजन तेच, पण अर्ध्या मिनिटात हात थरथरू लागतील. का? पहारेने धोंडा उचलताना आपण टेकू धोंड्याजवळ ठेवतो आणि जोर लांबून लावतो. म्हणून थोड्या जोरात मोठा धोंडा हलतो. आपल्या कमरेत हीच पहार उलटी बसवलेली आहे. टेकू म्हणजे मणक्यांमधली गादी. पाठीचे स्नायू त्या टेकूपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर, आणि हातातले ओझे मात्र वाकल्यावर पन्नास सेंटिमीटर पुढे. म्हणजे दहापट तोटा. खाटेवर ओणवे होऊन तीस किलो तोलायचे तर पाठीच्या स्नायूंना तीनशे किलोंच्या जोराने ओढावे लागते. तो सगळा दाब मणक्याच्या गादीवर येतो, आणि आपल्या धडाचे वजन त्यात आणखी भर घालते.

अमेरिकेतल्या एका कामगार-आरोग्य संशोधकाने २००७ साली हिशोब मांडला की रुग्ण उचलताना एका माणसाने हातांनी ३५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे १६ किलोंपेक्षा जास्त भार घेऊ नये. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाचा असतो. म्हणजे शंभर किलोंच्या माणसाचा नुसता एक पाय उचलला की मर्यादा गाठली! आता आपल्या मावशी रोज काय उचलतात त्याचा हिशोब तुम्हीच करा.

मग यंत्र अंगावरच घालता आले तर? ही कल्पना नवी नाही. खेकड्याकडे पाहा. त्याचा सांगाडा आत नसतो, बाहेर असतो. तसा बाहेरचा सांगाडा माणसाला द्यावा, असे रशियातल्या निकोलस याग्न नावाच्या गृहस्थाला वाटले. चालायला आणि पळायला सोपे जावे म्हणून पायांना धनुष्यासारख्या लांब पट्ट्या जोडायच्या, असे त्याने कागदावर मांडले आणि जानेवारी १८९० मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. ते साल आपल्यालाही ओळखीचे आहे. त्याच १८९० मध्ये लॉर्ड रे मुंबईहून परत गेले, आणि १० जूनला लोखंड्यांच्या खटपटीने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. याग्नचे यंत्र कोणाच्या उपयोगी पडल्याचे दिसत नाही. रविवार मात्र लाखोंच्या पाठीला मिळाला.

पुढे १९६५ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हार्डिमन नावाचा अजस्र सांगाडा करायला घेतला. माणसाने आत शिरून शेकडो किलो सहज उचलावेत, असा बेत. पण सांगाड्याचेच वजन सुमारे ६८० किलो झाले. सगळे सांधे एकदम चालवले की तो बेफाम झटके देई. १९७१ पर्यंत एक हात काय तो धड चालला, आणि काम थांबले.

खरी गुरुकिल्ली मात्र एका बापाच्या काळजीतून सापडली. जोसेफ मॅककिबन हा अमेरिकेतला अणुशास्त्रज्ञ. १९५० नंतरच्या वर्षांत त्याच्या मुलीला पोलिओ झाला आणि हात लुळे पडले. त्याने रबराची एक नळी घेतली आणि तिच्यावर विणलेल्या जाळीचा पायमोजा चढवला. नळीत हवा भरली की ती फुगते, आणि फुगली की जाळीमुळे आखूड होते. आपल्या दंडाचा स्नायू फुगतो आणि आखडतो, अगदी तसे. या हवेच्या स्नायूने मुलीची बोटे मिटवता आली. त्याच दशकात, १९५५ साली, आपल्या मुंबईत हाजी अलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनासाठी अखिल भारतीय संस्था सुरू झाली. पोलिओ तेव्हा घरोघरचे दुःख होते. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ सालच्या जानेवारीत सापडला, आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. रोग गेला, पण त्याने शिकवलेली युक्ती मागे राहिली.

ती युक्ती जपानने उचलली. जपानात म्हातारी माणसे पुष्कळ आणि त्यांना सांभाळणारे हात थोडे. कानागावा इथल्या तंत्रसंस्थेने परिचारिकांसाठी हवेच्या जोरावर चालणारा अंगरखा केला. त्यात एक गोष्ट मोठी समजूतदारपणाची होती. सगळी यंत्रे पाठीकडे आणि बाजूला ठेवली, पुढे काहीच ठेवले नाही. कारण रुग्णाला उचलताना त्याच्या छातीला लोखंड लागू नये, माणसाचे अंग लागावे. २००४ साली त्सुकुबा इथे योशियुकी सांकाई यांनी सायबरडाइन ही कंपनी काढली. त्यांचे यंत्र आणखी वेगळे. आपण हालचाल करायची ठरवली की मेंदूकडून स्नायूला निरोप जातो आणि कातडीवर विजेची अगदी क्षीण लहर उमटते. ती लहर टिपून यंत्र कमरेला जोर देते. त्याच सुमारास टोकियोच्या विज्ञान विद्यापीठात मॅककिबनचा हवेचा स्नायू कमरेवर बसवण्याचे काम चालले होते. २०१९ साली तसा एक पट्टा बाजारात आला. वजन चार किलोंच्या आत, वीज नाही, बॅटरी नाही. हातपंपाने हवा भरायची, सायकलच्या चाकात भरतो तशी. वाकून उठताना तो सुमारे पंचवीस किलोंचा जोर देतो.

आता रे रोडच्या पुलाकडे परत या. तो पूल रुळांवर लोंबकळत का नाही? त्याचा भार तारा घेतात, तारा तो खांबाला देतात आणि खांब जमिनीला. या पट्ट्याचे काम तेच आहे. कमरेच्या नाजूक गादीवर येणारा ताण तो खांद्यांवरून मांड्यांकडे नेतो. म्हणजे पुन्हा आपली चुंबळच. ओझे तेवढेच, फक्त ते योग्य ठिकाणी पोचवले.

तर मग प्रत्येक रुग्णालयाने हे पट्टे आणावेत काय? इथे घाई करू नये. यंत्राने पाठीच्या स्नायूंवरचा ताण कमी होतो, हे मोजून दिसले आहे. पण त्यामुळे वर्षानुवर्षांच्या कामानंतर पाठीची दुखणी खरोखर किती टळतात, याचा पक्का निकाल अजून लागायचा आहे. घालायला वेळ लागतो. एका रुग्णापाशी वाकायचे, लगेच दुसऱ्याकडे धावायचे, मध्येच खाली बसायचे, यात पट्टा अडतो. आपल्या मे महिन्यात, पंख्याखालीही घाम निथळत असताना, अंगावर चार किलो बांधून आठ तास काढायचे म्हणजे काय, ते सांगायला नको. खुद्द जपानातही हौसेने घेतलेली कितीतरी यंत्रे नंतर कपाटात पडून राहिली.

शिवाय याहून साधे उपायही आहेत. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात परिचारिकांच्या संघटनेने १९९८ साली धोरणच आखले की रुग्णाला अंगबळाने उचलायचे नाही. घसरती चादर, सरकवायची फळी, उचलायचा झोपाळा आणि जोडीला दुसरा माणूस, यांनी काम करायचे. घसरती चादर म्हणजे गुळगुळीत कापड. तिला ना वीज लागते ना पंप. उचलण्याऐवजी सरकवायचे, एवढेच तिचे शास्त्र.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. पोते पन्नास किलोंचे झाले तेव्हा हमालाने दुप्पट पोती वाहावीत असे कोणी म्हणाले असते, तर सुधारणेला काय अर्थ राहिला असता? तसेच हे. अंगावर यंत्र आले म्हणून दोन मावशींच्या जागी एकच ठेवली, तर ते यंत्र पाठीसाठी आले नाही, पगार वाचवायला आले. यंत्र घालायचे की नाही, कधी उतरवायचे, हे ठरवताना जिच्या अंगावर ते चढणार तिला विचारले पाहिजे. माथाडी कायद्याने बाजारातली, गोदामातली पाठ मोजली. वॉर्डातली पाठ अजून कोणी नीट मोजलेली नाही. आणि घरात सासऱ्याला उचलून बसवणाऱ्या सुनेची पाठ तर कोणत्याच वहीत नाही.

म्हणून माझे तुमच्याजवळ मागणे थोडे आहे. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर एकट्याने उचलू नका. खाट गुडघ्याएवढी बुटकी असेल तर पायांखाली विटा घालून कमरेपर्यंत आणा. अंगाखाली जाड चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी ओढा. जवळ जा, गुडघ्यांत वाका, कमरेत वाकू नका, आणि ओझे छातीशी धरा. शिक्षकांनी मुलांना पहारेचा धडा शिकवताना फळ्यावर धोंड्याबरोबर माणसाची कंबरही काढावी.

आणि कधी मुंबईला आलात तर रे रोडला जरूर उतरा. नव्या पुलाच्या तारांकडे एकदा वर पाहा, मग खाली गोदामांच्या फाटकांकडे. पूल बांधणाऱ्याने त्याचा भार कोणी घ्यायचा ते आधी ठरवले, आणि मगच त्यावरून गाड्या सोडल्या. माणसाच्या पाठीबाबत आपण आजवर उलटे केले. आधी ओझे ठेवले आणि मग विचार केला. आता तरी क्रम बदलायला हवा.